पडद्यावरचे नाव
गेल्या मे महिन्यातला शनिवार, ठरलेले पैसे सहाशे, आणि पडवीत आम्ही तिघे: आई, मी आणि कुडाळहून आलेला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडताच तापलेल्या धुळीचा वास आला. तो वास आला की अजून ती दुपार आठवते. कॉम्प्युटर माझ्या धाकट्या भावाचा. तो जाऊन वर्ष झाले होते, पण अपडेटची नोंदणी त्याच्याच नावावर होती आणि कोड त्याच्या बंद फोनवर जात होता. "जुनं नाव काढून तुमचं घालावं लागेल, नाहीतर अपडेट येणार नाहीत," दुरुस्तीवाला म्हणाला. रोज सकाळी पडद्यावर ते नाव बघण्यासाठीच बटण दाबणारी आई उसळली. "सातबाऱ्यार तुझ्या पणज्याचा नाव अजून आसा. म्हणान भात पिकूचा रवला काय?"  रेशनकार्ड, बँक, गॅस, सगळीकडे त्याचे नाव कमी करत फिरून मी दमलो होतो. शेवटी दुरुस्तीवाल्याने फक्त नोंदणी माझ्या नावावर केली आणि पडद्यावरचे भावाचे नाव तसेच ठेवले. मी पाकीट काढले, तर आई म्हणाली, "रवांदे. त्याच्या मशीनीचे पैसे मी देतंय." सहाशे रुपये तिने आपल्या बटव्यातून दुरुस्तीवाल्याला दिले.