जेद्दा ते यान्बू, शेजारच्या सीटवर इस्माईल सरांचा कप

यान्बूला जाऊ, यान्बूला जाऊ असं आमचं घरात दोन वर्षं नुसतंच चाललं होतं. शेवटी गेलो ते एकटाच, आणि असल्या कारणासाठी. शुक्रवारी सकाळी यान्बूहून इक्बालचा फोन आला, "भाऊ, इस्माईल सर गेले. झोपेतच."

सर दापोलीकडचे. कामाने वेल्डर, जिवाने फुटबॉल कोच. माझ्यासारख्या नाशिकच्या ढेरपोट्या इंजिनिअरलाही त्यांनी गोलकीपर केलं, म्हणजे बघा! कफील, म्हणजे व्हिसा देणारा इथला मालक, बदलला की कामगारांचा कॅम्प बदलायचा: आधी कतीफ, मग आमचं जेद्दा, शेवटी यान्बू. प्रत्येक ठिकाणी शून्यातून टीम उभी करायची, जिंकवायची आणि कप तिथल्याच ऑफिसच्या कपाटात ठेवून निघायचं. स्वतःच्या घरी एकही नाही.

मी ठरवलं, आमचा कप सरांच्या उशाशी ठेवायचा. सुट्टीचा वार, ऑफिसच्या चावीवाल्याला गाठून, विनवण्या करून कप मिळेपर्यंत दहा वाजले. म्हटलं, लांबची माणसं पोचेपर्यंत थांबतीलच.

रस्ता झकास आहे. साडेतीन-चार तास, डावीकडे समुद्र. पेट्रोल शहरातच भरा आणि उंटांवर नजर ठेवा. कपाला मी सीटबेल्ट लावला होता.

फोन सायलेंटवर राहिला होता; यान्बूत शिरताना इक्बालचा मेसेज पाहिला, थेट कब्रस्तानात या. तो फाटकाशी उभा होता, सरांच्या यान्बूच्या टीमचा कॅप्टन.

"जुम्म्याच्या नमाजानंतर लगेच दफन केलं, भाऊ. आमच्यात मयत ठेवत नाहीत. तुम्हाला किती फोन लावले!"

"अरे, पण हा कप..."

"कबरीत काही ठेवत नाहीत." त्याने कप घेतला, बाहीने पुसला आणि ढसाढसा रडायला लागला. मग मीही.

आत मातीचे उंचवटे, उशाला साधे दगड. नाव कुणाचंच नाही. इक्बालने बोट दाखवलं आणि तोच अडखळला. "ती... नाही, तिच्या पलीकडची बहुतेक."

जुन्या यान्बूत मासा आपण निवडायचा, ते भाजून देतात. तुम्ही गेलात तर जरूर खा. आम्हा दोघांना घास उतरला नाही. तिथूनच दापोलीला सरांच्या घरी, भाभींना फोन लावला, कप पाठवू का विचारलं.

"पाठवा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या खेळाचं घरात काहीच नाही."

घरी येऊन कप कागदात गुंडाळत होतो. त्यावर आमच्या कॅम्पचं नाव कोरलंय, ठळक.

"पप्पा, ये किसने जीता?" लेकीने विचारलं.

"इस्माईल सरांनी."

तिने कप उलटासुलटा करून पाहिला. "उनका नाम कहाँ लिखा है?"

"कुठेच नाही गं," मी म्हटलं.