कुंकवाचं बोट

पितळी करंड्यातून वर उचललेलं आईचं बोट, करंगळीशेजारचं, टोकाला लाल कुंकू लागलेलं, वच्छलाकाकीच्या कपाळासमोर येऊन थांबलं आहे... आणि थांबलेलंच आहे. बालपणाचं एकच चित्र काढ असं कुणी सांगितलं, तर मी हेच काढीन. मागे कापसाने छतापर्यंत भरलेली खोली, सरकीचा तो तेलकट, उबदार वास, चुलीत पेटलेल्या पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, धूर, परातीत तिळाचे लाडू, बोरं आणि हरभऱ्याचे घाटे — संक्रांतीचं हळदीकुंकू. आणि मधोमध ते बोट. बायका बोलता बोलता गप्प झालेल्या.

आमचं गाव देवळीच्या अलीकडे, काळ्या मातीत रुतून बसलेलं. कापूस आणि ज्वारी यांपलीकडे तिथे फारसं काही पिकत नसे. तरी फौजेत जाणारी पोरं मात्र पिकायची. त्याला कारण सगळ्या गावाचे हवालदार आजोबा. ते ब्रह्मदेशातल्या लढाईतून परतले होते, डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून. उरलेल्या बोटांत विडी धरून ते पारावर बसत आणि लढाईबद्दल चकार शब्द काढत नसत. विचारलं की म्हणत, तिकडे पाऊस फार. बस्स. कदाचित त्या न सांगण्यानेच पोरं वेडी होत असतील.

अशाच वेड्यांपैकी एक समोरच्या घरचे भगवानकाका. ते पोळ्याला सुटीवर आले की आमची चंगळ. त्यांच्या काळ्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेलं असे, आणि ती उघडली की डांबराच्या गोळ्यांचा, बुटाच्या पॉलिशचा, दूरच्या थंडीचा एक परका वास सबंध गल्लीत पसरे. बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेल्या हिंगुळाने काका आमच्या खांद्यांवर फौजी पट्ट्या काढत आणि आम्हाला सलाम शिकवत. वच्छलाकाकी दारात उभी राहून हसे. नवऱ्याकडे चारचौघांत पाहायची लाज, म्हणून आमच्याकडे पाहून हसे. कपाळावर मेण लावून त्यावर ठसठशीत कुंकू. तेवढं मोठं कुंकू गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि ते लावण्यात तिचा थोडा तोराही होता, का नसावा?

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई झाली. आपण जिंकलो म्हणून शाळेने साखर वाटली. ती जिभेवर असतानाच समोरच्या घरी तार आली — भगवानकाका बेपत्ता.

मेला म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही. जिवंत म्हणावं तर माणूस नाही. काकी रडायला बसली, तर म्हाताऱ्या म्हणाल्या, रडू नको, अपशकुन होतो. मग ती उठून कामाला लागली, तर त्याच म्हाताऱ्या म्हणाल्या, डोळ्यात पाणी नाही हो हिच्या! लोकांचं डोकं कसं चालतं, मला अजून कळलेलं नाही. पुढे काही वर्षांनी सरकारी कागद आला, त्यात ‘मृत समजण्यात यावे’ असं होतं. काकीने तो देवळीहून आलेल्या माणसाकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, समजण्यात यावे म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही. आणि सकाळी पुन्हा मेण लावून, त्यावर कुंकू लावून, डोईवर टोपलं घेऊन कापूस वेचायला गेली.

खरी पंचाईत संक्रांतीची. गावातल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं हळूहळू बंद केलं. विधवांमध्येही धरलं नाही. आमच्या आईने मात्र बोलावणं सोडलं नाही. पण बोलावून आणलं तरी प्रत्येक वर्षी ते बोट कपाळाशी जाऊन क्षणभर अडखळेच. आईच्या मनात दुष्टावा नव्हता. तिला भीती वाटे की आपण लावलं आणि तो खरंच गेलेला असला तर काय? आणि नाही लावलं, तर आपणच त्याला मारल्यासारखं नाही का? हे तिने मला फार पुढे सांगितलं. तो सरकारी कागद आला त्या वर्षीच्या संक्रांतीला ते बोट जरा जास्तच वेळ थांबलं, तेव्हा काकी सगळ्यांसमोर म्हणाली,

“वयनी, लावाचं असन तं लावा, नाई तं नाई म्हना. पन हे बोट असं मधात नका ठेवू.”

आईने लावलं. बोट टेकताच थोडं कुंकू नाकावर सांडलं. नाकावर कुंकू सांडणं चांगलं, असं कुणीतरी घाईघाईने म्हणालं आणि बायका पुन्हा बोलू लागल्या.

ऐंशी सालाच्या आगेमागे गावाने ठरवलं की आपल्या फौजींचा मान राखायचा. ग्रामपंचायतीपुढे काळा दगड उभारायचा. वरच्या बाजूला लढाईत पडलेल्यांची नावं, खालच्या बाजूला परत आलेल्यांची. काम हवालदार आजोबांच्या गळ्यात पडलं, आणि एका दुपारी ते काकीच्या ओट्यावर येऊन बसले. मी तिथेच तुरीच्या शेंगा सोलत होते. काकीने डोईवरून पदर घेतला, चहा दिला. तो निवून गेला. शेवटी काकीनेच विचारलं,

“मामाजी, नाव वर टाकता का खाली?”

“तुले विचाराले तं आलो, बाई.”

“वर टाकसान तं मीच त्याईले मारलं असं होईन. खाली टाकसान तं दगडावर खोटं होईन. मी काय सांगू?”

आजोबांनी आपल्या बोटांच्या थोटकांकडे पाहिलं. मग म्हणाले, लढाईत जो मागे राहिला त्याला आम्ही मेलाच धरायचो, नाहीतर पुढे चालताच आलं नसतं. पण हे तिकडचं झालं, तुझ्या ओट्यावर बसून ते माझ्याने म्हणवत नाही. आणि ते तसेच उठून गेले. दगडावर त्यांनी वरच्या आणि खालच्या नावांच्या मध्ये एका ओळीची जागा कोरी ठेवून घेतली. ती अजून कोरी आहे.

दगडाचं त्यांनी निभावलं, पण ताटांचा विचार कुणी केला नव्हता. सव्वीस जानेवारीला घरच्या बायकांचाही सत्कार ठेवलेला. आमच्याकडच्या रीतीने दोन ताटं सजवली होती: एकात हळदीकुंकू, खण, नारळ — परत आलेल्यांच्या बायकांसाठी, दुसऱ्यात नुसती शाल आणि नारळ — गेलेल्यांच्या. मान करायच्या उत्साहात सगळे होते, कुणाचंही वाईट चिंतलेलं नव्हतं. हवालदार आजोबांनी सर्वांत शेवटी काकीचं नाव घेतलं. ती मंचावर चढली आणि दोन ताटांच्या मधोमध उभी राहिली. कुंकवाचं ताट आईच्या हातात होतं.

आईने बोट बुडवलं, उचललं... सबंध गाव बघत होतं. मी खाली सतरंजीवर बसून मनात ओरडत होते, लाव गं, लाव. आपल्या घरात, दहा बायकांत जे जमलं होतं ते तिला तिथे जमेना. शालवाल्या बाईही ताट घेऊन खिळून राहिल्या. काकीने थोडी वाट पाहिली, मग दोन्ही ताटांना हात जोडले आणि पायऱ्या उतरून घरी निघून गेली.

त्यानंतर काकी आमच्याकडे हळदीकुंकवाला आली नाही. आईच तिच्या दारी वाण नेऊन देई. दोघी ज्वारीबद्दल, पाण्याबद्दल खूप बोलत, त्या दिवसाबद्दल कधीच नाही. मग हवालदार आजोबा गेले. माझं लग्न झालं. माझे वडील गेले आणि आईचा करंडा फडताळात मागे सरकला.

एका उन्हाळ्यात मी माहेरी आलेली असताना काकी गेली. सकाळी सडा टाकला, आंघोळ केली, आणि बसल्या जागी गेली. अंगणात बायका जमल्या. हिरवं लुगडं नेसवायचं की पांढरं, यावर कुजबुज चाललेली, आणि कुणीच पुढे होईना. आईने फडताळातून करंडा काढून माझ्या हातात दिला.

“माह्या हातानं आता चालत नाई,” ती म्हणाली. “तू लाव.”

मी गेले. बायकांनी वाट दिली. बोट करंड्यात बुडवून मी वाकले, तर कपाळावर कुंकू होतंच — सकाळी तिने स्वतः लावलेलं, म्हाताऱ्या हाताने थोडं वाकडं झालेलं. त्यावर मी कुणाच्या नावाने काय लावणार होते? मी तशीच वाकून राहिले. कुणी पुसा म्हटलं नाही, कुणी लावा म्हटलं नाही. मग माणसं तिरडी घेऊन आली आणि मला बाजूला व्हावं लागलं.

आई आमच्या ओट्यावर बसून होती. “लावलं का?” तिने विचारलं.

मी तिला बोट दाखवलं. कुंकू तसंच होतं.