दाराकडचं अंग

काकीच्या ब्लाउजची एक बाही मनगटापर्यंत यायची आणि दुसरी दंडावरच संपायची. तिने पहिल्यांदा नमुन्याचा ब्लाउज माझ्या मशीनवर ठेवला तेव्हा मला वाटलं, कुणा शिंप्याने कापड ढापलं. "काकी, हा कुणी बिघडवला?" मी विचारलं. "बिघडवला नाय, बाय. असाच पायजे. डावा हात लांब, उजवा आखूड." बोईसरमध्ये मी वर्षानुवर्षं ब्लाउज शिवते आहे आणि बायकांचे एकेक हट्ट पुरवले आहेत. पण अर्ध्याच अंगाला थंडी वाजणारी बाई तोवर माझ्याकडे आली नव्हती.

काकी मूळची दातिवऱ्याची. बोंबील वाळवण्यात आणि विकण्यात तिची हयात गेली. मुलगा राजेश तारापूरच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याने माझ्या शेजारची खोली भाड्याने घेतली आणि आईला न् बायकोला इकडे आणलं. चाळीने लगेच तिचं नाव हुडहुडीकाकी ठेवलं. बाकीच्या मागे म्हणायच्या, मी तोंडावर म्हणायचे, कारण माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. काकी हसायची. मे महिन्यात कारखान्यांचा उग्र वास आणि उकाडा एकदमच अंगावर येतो. आम्ही सगळ्या गॅलरीत हाशहुश करत बसलेल्या असायचो आणि काकी एका खांद्यावर गोधडी ओढून, मोकळ्या हातातल्या पुठ्ठ्याने दुसऱ्या अंगाला वारा घालत असायची. ते ध्यान बघून मला आधी हसू यायचं आणि मग, का कोण जाणे, हसू थांबायचं.

मी शिवलेले सगळे ब्लाउज थोड्याच दिवसांत ती परत घेऊन आली. "हात बदल," म्हणाली. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "डावा लांब तूच सांगितलास ना? आता मी काय बाह्या उपटून इकडच्या तिकडे लावत बसू?" ती शांतपणे खाली बसली. "तुझं काय चुकलं नाय. थंडीनं जागा बदलली." मग मी बाही उसवत असताना तिने जे सांगितलं, ते भाजीचे भाव सांगावेत इतक्या सहजपणे सांगितलं.

"उत्तरेला डोकं करून कुणी निजत नाय. दक्षिणेला डोकं केलं की दातिवऱ्याला आमचं दार डाव्या अंगाला पडायचं, समुद्राकडं. हितं दार उजव्या अंगाला हाय. मंग थंडी पण उजवीकडं आली." मी विचारलं, दाराचा आणि थंडीचा संबंध काय? ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी सुईत दोरा का ओवतात असं विचारलं होतं. "राजेशचा बापूस दाराकडंच निजायचा ना. ज्याला भरतीला उठून बोटीवर जायचं, तो माणूस आत निजून कसं चालंल? सगळ्यांना तुडवत जाईल."

राजेशचा बाप बोटीवर खलाशी होता. राजेश लहान असताना, समुद्र अगदी शांत असताना, तो गेला. कुणी त्याला पडताना पाहिलं नाही, कुणी हाक ऐकली नाही. बोटीवर जेवायला ताटं वाढली आणि एक ताट उरलं, तेव्हा माणूस कमी असल्याचं बाकीच्यांना कळलं. त्याचं शरीर कधीच सापडलं नाही. काकीने कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र उतरवलं नाही. गावाने बोलून बघितलं, भावकीने भांडून बघितलं. तिचं एकच उत्तर. "जो गावलाच नाय, त्याला गेला कसा म्हणू?" त्या वर्षीच्या हिवाळ्यापासून तिचं दाराकडचं अंग गार पडायला लागलं होतं. "तो अजून भिजलेला हाय," ती मला म्हणाली, "दुसरं काय नाय."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण मापं घेताना माणसाच्या अंगाला हात लागतोच, त्याला माझा इलाज नाही. तिचा डावा दंड माझ्यासारखाच घामाने चिकट असायचा आणि उजव्या दंडाला टेप गुंडाळला की बर्फाच्या पेटीतून काढलेल्या पापलेटला हात लावल्यासारखं व्हायचं. त्या बाजूला तिला घामाचा थेंब यायचा नाही. तरी ब्लाउज आत घ्यायला माझ्याकडे आला की त्याच लांब बाहीवर मिठाची पांढरी रेघ उमटलेली असायची. मी ती नखाने खरवडायचे आणि पुढचं काम हातात घ्यायचे. त्या रेघेविषयी मी चाळीत कुणाशीही बोलले नाही.

काकीच्या दारापाशी, आतल्या बाजूला, एक चटई कायम अंथरलेली असायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही. वरच्या मजल्यावरची उत्तरेकडची भाभी नवीन होती, ती एकदा बसली आणि सुखावून म्हणाली, "अम्मा, इधर एसी लगाया है क्या?" आम्ही सगळ्या जोरात हसलो. काकी मात्र गडबडीने उठली, भाभीचा हात धरून तिला आत घेऊन गेली आणि चटईवरची सुरकुती हाताने नीट केली. दुसरी एक खोड होती तिला. बसल्याबसल्या ती मध्येच गोधडी घट्ट ओढायची आणि म्हणायची, "पाणी चढतंय." आमच्या चाळीतून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. तिची दातिवऱ्याची जाऊ फोनवर असली तर काकी तिला विचारायची आणि तिकडून उत्तर यायचं, होय, भरती लागली आहे.

मागच्या पावसाळ्यात काकीच्या छातीने दगा दिला. खोकल्याने ती वाकून जायची. डॉक्टरांनी राजेशला बाजूला घेऊन सांगितलं की ही दमट हवा आता आईला सोसणार नाही, आणखी एक पावसाळा इथे काढला तर कठीण आहे, कोरड्या आणि गरम प्रदेशात नेता आलं तर बघा. योग असा की राजेशला चंद्रपूरकडे चांगली नोकरी मिळत होती. महाराष्ट्रात त्याहून गरम गाव कुठलं शोधणार? राजेशला वाटलं, देवच पावला. काकीला मात्र काही ठरवता येईना.

ती विचार करायची तो हातांनी. गॅलरीत बसून दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवायची, बाजारात सुकटीचे दोन वाटे जोखावेत तशी. डावा हात जरा उचलून म्हणायची, "हा बोलतो, जा. छाती मोकळी होईल, नात डोळ्यांसमोर राहील, राजेशला घोर नाय." मग उजवा उचलायची. "हा बोलतो, नको." उजव्या हाताची कारणं ती वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी सांगायची. सुनेला सांगायची, तिकडं गोड्या पाण्याचे मासे, ते माझ्या घशाखाली उतरत नाय. भाभीला सांगायची, तिकडं लू लागते. मला सांगायची, तुझ्यासारखी भांडकुदळ शेजारीण कुठं मिळायची? ह्यातलं एकही खरं नाही, हे मला कळत होतं.

जाऊबाई दातिवऱ्याहून बघायला आल्या. त्यांनी काकीचा उजवा हात हातात घेतला, सोडला आणि पदराला पुसला. "हे बाहेरचं वारं हाय," त्या म्हणाल्या. "पोरा, घेऊन जा तिला लांब. समुद्राचं वारं कोरड्या मुलखात येत नाय, तिथंच सुटंल." राजेश म्हणाला, "डॉक्टरपण तेच म्हणतात, काकू. हवा बदलली पाहिजे." काकी हळूच म्हणाली, "हवा बदलंल रे. पण वारं सुटलं तर मी काय करू?"

त्या दुपारी सगळे गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, "मरायचंय का तुला इथे? अख्खा जन्म कुडकुडत काढलास, आता चार दिवस ऊब मिळतेय तर नको कशाला म्हणतेस?" काकी रागावली नाही. "ऊब नको कुणाला? मला पण पायजे. हे अंग घेऊन मी कुणाच्या लग्नात नीट बसले नाय, नातीला ह्या कुशीवर घेतली नाय, ती दचकून रडते. पण बाय, मी गरम झाले तर तो एकटाच गार राहील ना." मी मशीनवर जाऊन बसले आणि भाभीच्या ब्लाउजला चुकीच्या रंगाचा दोरा लावला.

शेवटी तिने जायचं ठरवलं ते नातीपायी. मला म्हणाली, "बोईसरला आला तसा तिकडं पण येईल. कुठं जातोय?" तिने स्वतःची समजूत घातली आणि मीही मान हलवली. होळी झाल्यावर सामानाचा टेम्पो गेला, मागून भाड्याची गाडी आली. सगळी चाळ निरोपाला गोळा झाली होती. काकी उंबऱ्यावर उभी राहिली, आत वळली, तिचे ओठ हलायला लागले. तेवढ्यात सून म्हणाली, "आई, चला ना, गाडीवाला ओरडतोय," आणि कुणीतरी हसलं. काकी ओशाळली, पदर सावरला आणि गाडीत जाऊन बसली. खोलीची चावी मालकासाठी माझ्याकडे ठेवली होती.

तिचा फोन आला तेव्हा चंद्रपूर तापायला लागलं होतं. खोकला पार गेला होता. मी विचारलं, "आणि हात?" पलीकडून बारीक आवाज आला. "दोन्ही अंगं गरम हायत, बाय." मी म्हटलं, "अगं मग चांगलंच झालं की!" ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं. "दातिवऱ्याहून निघाले तवा उंबऱ्यावर उभं राहून त्याला सांगून आलते, आमी बोईसरला चाललो, ह्या ह्या वाटेनं ये. आमच्यात तसंच करतात, बोटीवर गेलेल्या माणसानं कुलूप बघून परत फिरू नये म्हणून. तुमच्यातून निघताना मला लाज वाटली. सगळे बघत होते. मी न सांगताच निघाले. तो हाय तिथंच. तू सांग त्याला, हितलं दार उत्तरेला हाय म्हणून."

मी हो म्हटलं, कारण रडणाऱ्या म्हातारीला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी भर दुपारी चावी घेऊन गेले. चाळीचे पत्रे तापून तडतडत होते, बंद खोली भट्टीसारखी असणार असा माझा अंदाज होता. दार ढकललं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच माझ्या अंगावर काटा आला. आतल्या भिंती तापलेल्या होत्या. दाराजवळची तेवढी जागा, जिथली चटई त्यांनी काढून नेली होती, ती गार होती. ओल्या कपड्याचा, खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

काय बोलायचं ते मी ठरवून आले होते, पण अडले. ह्या माणसाला काय हाक मारायची, इथूनच सुरुवात. शेवटी म्हटलं, "काका, काकी चंद्रपूरला गेली. रागाने नाही गेली, छातीसाठी गेली." मग मला वाटलं, ह्याने जन्मभर समुद्र पाहिला, ह्याला चंद्रपूर काय कळणार? मी हाताने दाखवलं. "समुद्राकडे पाठ करायची आणि सूर्य उगवतो तिकडे जायचं. नाशिक, मग वऱ्हाड, मग वर्धा. वाटेत भरती लागणार नाही. घराचं दार उत्तरेला आहे, निजल्यावर पायांशी येतं." माझाच आवाज मला परका वाटत होता. दार मी उघडंच ठेवलं आणि मागे न बघता घरी आले.

त्यानंतर काही दिवस काहीच घडलं नाही. मी काकीला फोन केला नाही, काय सांगणार होते? मग एका सकाळी राजेशचा फोन आला, घाबराघुबरा. आईचे पाय बर्फासारखे गार पडलेत, म्हणाला. बाहेर आग ओकणारं ऊन आणि हे असं. डॉक्टर निघालेत, सून तळव्यांना सुंठ चोळतेय, तुम्ही देवाजवळ दिवा लावा. पाय गार पडणं म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. आपणच त्याला वाट दाखवली, आणि तो तिला न्यायला तर आला नसेल?

तेवढ्यात पलीकडे झटापट झाली आणि काकीचा आवाज आला, ठणठणीत, चक्क लाजलेला. "बाय, तू तरी ह्यांना सांग गं, सुंठ चोळू नका म्हणून. जन्मात एवढा कधी चालला नव्हता तो. दमून आत्ताच पडलाय."

फोन ठेवून मी शेजारच्या खोलीत गेले. दारापाशी पाय ठेवला तर फरशी चटके देत होती. मी तिथेच बसले आणि खूप रडले. काकी गेली तेव्हा मला शेजार सुटल्यासारखं वाटलं नव्हतं, ते त्या दिवशी वाटलं.