सासऱ्यांना ढगात पाठवणारं सॉफ्टवेअर

आधी कबूल करा की हसणार नाही. नुसती मान हलवून चालणार नाही, तोंडानं म्हणा. कारण मी एका जिवंत माणसाला मारलेलं आहे. तेही सख्ख्या सासऱ्यांना. आणि तेही हौसेनं, बासरीच्या संगीतासकट!

दचकू नका, चहा घ्या. सगळं सांगतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी पेणला राहायचो आणि डोलवीच्या कंपनीत स्टोअरमध्ये होतो. घरात नवाकोरा कॉम्प्युटर आणला होता. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, त्याला झालरीचं कव्हर शिवलं होतं, आणि शेजारीपाजारी चपला बाहेर काढून तो बघायला यायचे. साहजिकच आपल्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा माझा समज झाला होता.

त्याच वर्षी जवळच्याच गडब गावात, सुनंदाच्या माहेरी, माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. सासऱ्यांचं नाव बाळाराम, पण सगळे त्यांना आबा म्हणतात. लग्न दणक्यात झालं हो! फक्त एक माणूस आलं नाही. हिराआत्या. आबांची थोरली बहीण, रोह्याला लागून वरसे आहे ना, तिथे दिलेली. का आली नाही? तर आबा स्वतः तिच्या दारात अक्षत घेऊन गेले नाहीत! मांडवाच्या धांदलीत त्यांनी पत्रिका कुणाच्या तरी हातून पाठवून दिली.

आमच्याकडे बाकी काहीही खपेल, पण थोरल्या बहिणीला दुसऱ्याच्या हातून बोलावणं? छे! आत्या रुसली, आबा हट्टाला पेटले आणि दोघांचं बोलणं बंद झालं. आबा तोंडानं म्हणायचे, "नाय तर नाय." पण ताट समोर आलं की हात थांबायचा. "तायनं पोरीचं लगीन नाय पायलं," एवढं बोलायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे. माणूस वाळत चालला होता. सुनंदाला ते बघवत नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही नाही.

"अहो, लग्नाची कॅसेट आत्याला दाखवली तर विरघळेल ती," सुनंदा एक दिवस म्हणाली. "पण आत्याच्या दिनेशनं कॅसेटचं मशीन विकून सीडीचं आणलंय म्हणे."

"मग सीडी बनवू की! मी आहे ना!"

हेच ते वाक्य. माणसाला जीभ देवानं का दिली असेल?

पेणच्या बाजारात एक कॉम्प्युटरवाला होता. त्यानं कॅसेटवरचं लग्न माझ्या कॉम्प्युटरमध्ये भरून द्यायचं कबूल केलं आणि टेबलावर दोन सॉफ्टवेअर ठेवली. एक साधं. नको तो भाग कापा, हवा तो जोडा, सीडी करा, झालं. दुसऱ्याच्या वेष्टणावर मात्र इंद्रधनुष्य, कबुतरं, गुलाब आणि मधोमध एक गोरं जोडपं.

"साहेब, ह्याच्यात तयार इफेक्ट हायत! माणूस बदामात घाला, गुलाबात घाला, चंद्रावर बसवा!"

"आणि हे साधं?"

"त्याच्यात नुसता लग्न दिसतो."

आता सांगा, लग्नाच्या सीडीत नुसतं लग्न कोण बघतं? मी इंद्रधनुष्य उचललं. डीव्हीडी वगैरे शब्द तेव्हा आम्ही फक्त ऐकून होतो, पण या सॉफ्टवेअरच्या जोरावर आपण विलायतेच्या बरोबरीला आलो असं वाटत होतं.

कामाला लागलो. नवरानवरीला बदामात घातलं. वरमाईला सूर्यफुलात बसवलं. हळदीला नाचणाऱ्या बायका पाण्यात बुडून वर येतील अशी सोय केली. राहिला शेवट. मुलगी सासरी निघालीय, आबा डोळे पुसतायत. इथे आत्याच्या काळजाला हात घालेल असं काहीतरी हवं होतं.

आणि सापडलं! पांढरी फुलं, कोपऱ्यात मंद समई, चित्रातला रंग हळूहळू उतरत जातो आणि माणूस प्रकाशात तरंगत वर वर ढगांमध्ये जातो. मागे बासरी. अहाहा! त्याच्या इंग्रजी नावात 'मेमरी' असं काहीतरी होतं, पण कॉम्प्युटर म्हटला की मेमरी आलीच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. हे सगळं दिसत होतं काडेपेटीएवढ्या चौकटीत. त्यात आबा मला साक्षात विठोबासारखे वाटले.

सीडी तयार झाली. सुनंदाला दाखवण्याइतकाही धीर निघेना. तसाच स्टँडवर गेलो आणि रोह्याच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात ती दिली. दिनेश तिकडे उतरवून घेणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. दिनेशच होता. आवाज अगदी खोल गेलेला.

"जावयबापू... सीडी पायली आमी. शेवटपर्यंत."

"आवडली?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आय लय रडतेय."

मी उडालोच! "रडणारच! त्याच्यासाठीच तर शेवटी ठेवलं ते!"

"पन... आमाला आधी कलवायचं तरी."

"अरे, आधी कळवून काय मजा?"

मग अगदी हळू आवाजात, "लय तरास झाला काय?"

"विचारू नकोस! मधेच सारखं बंद पडायचं. पुन्हा चालू करायचं, पुन्हा बंद! शेवटी सुटलो एकदाचे."

"आमी निघतो. आय, मी, सगली येतो गडबला."

"या या! जेवायलाच या! गोडाधोडाचं करतो!"

दिनेशनं फोनच ठेवून दिला. मला वाटलं, गहिवरला बिचारा.

मी सुनंदाला उचलून गोल फिरवायचं तेवढं बाकी होतं. आम्ही दोघं तडक गडबला गेलो. "आबा, आत्या येतेय!" म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. स्वतः न्हाले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळाला गंध. सासूबाईंनी पुरणाचा घाट घातला. आबा ओट्यावर बसून रस्त्याकडे टक लावून होते, आणि मी शेजारी बसून दर थोड्या वेळानं म्हणत होतो, "सॉफ्टवेअर महत्त्वाचं असतं, आबा!"

दुपारी हायवेवरून एक जीप वळली. जीप दारात यायच्या आधी आवाज आला. रडण्याचा!

"बाळाराम रंऽऽ! माझ्या भावा रंऽऽ!"

मी चमकलो. आनंदाचे अश्रू मी पाहिले होते, पण हे आनंदाचं काम नव्हतं. मागच्या फळीवर बायका ऊर बडवत होत्या. दिनेश डोक्याला उपरणं बांधून पुढे बसला होता. आत्या पदर डोक्यावरून ओढून हमसत होती. वरशाला कुणी गेलं की काय?

आबांना मात्र काही दिसत नव्हतं. बहीण रडतेय एवढंच दिसलं. ते ओट्यावरून उतरले आणि दोन्ही हात पसरून, पांढऱ्याशुभ्र कपड्यात, जीपकडे चालत निघाले.

आत्यानं पदर बाजूला केला. समोर पाहिलं. आणि अशी किंकाळी फोडली की कौलांवरचे कावळे उडाले. ड्रायव्हरनं बघितलं आणि सरळ रिव्हर्स टाकला! जीप मागे, आबा पुढे. "तायऽ, थांब गो!" आबा ओरडतायत आणि जीपमधल्या बायका राम राम राम म्हणतायत. शेवटी मागचं चाक शेताच्या बांधात रुतलं म्हणून जीप थांबली.

आत्या खाली उतरली. एकेक पाऊल टाकत जवळ आली आणि एका बोटानं आबांच्या छातीवर टोचून पाहिलं.

"जिता हायस?"

"मंग? मेलोय काय?"

"मंग त्या सीडीत काय ता? फुलां आली, दिवा लागला, तू काला-पांढरा झालास आन् डोले पुसत पुसत ढगात गेलास!"

सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. दिनेश, जीपवाला, सासूबाई, सुनंदा, कंपाउंडवरून बघणारे शेजारी. दिनेशचा प्रत्येक प्रश्न आणि माझं प्रत्येक उत्तर कानात वाजायला लागलं. 'सुटलो एकदाचे.' 'गोडाधोडाचं करतो.' अरे देवा! वडील वारल्याचा आनंद सोहळा करणारं कुटुंब म्हणून आम्ही वरशात गाजलो असणार!

"मी म्हटलं, लग्नाला नाय गेली," आत्या रडत बोलायला लागली, "भावाच्या मातीला पन नाय बोलावला मला. एवढा राग धरलास काय रं?"

आबांनी तिचा हात धरला. "तुला बोलावल्याबिगर मी मरंन काय गो?"

बस. आत्यानं भावाच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि मग त्याच पाठीवर डोकं ठेवून रडली. आबाही लहान पोरासारखे रडले. मला हायसं वाटलं, मनापासून वाटलं, पण तोंड कुठे लपवावं तेही समजत नव्हतं.

पंगत बसली. आबांनी ताट स्वच्छ केलं, वर दोन पोळ्या मागून घेतल्या. आत्या शेजारी बसून त्यांना तूप वाढत होती. मी कोपऱ्यात. माझ्या ताटात पोळी वाढायचं कुणाच्याच लक्षात येत नव्हतं.

शेवटी धीर करून म्हटलं, "आत्या, सॉफ्टवेअर निवडण्यात चूक झाली हो. उद्याच दुकानात जाऊन बदलून आणतो."

आत्याचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. "चुकीचा निवडला तर बदलून मिलतो?"

"मिळतो ना!"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भावाकडे वळली. "बाळाराम, सुनंदाचा नवरा तूच निवडलावता ना रं? त्या दुकानात एकदा इचारून तरी बघ."

आबांनी शांतपणे घास गिळला.

"नाय गो ताय. वापरलेला माल ते परत घेत नाय."