दारोदार न जाता हॅलोविन : दोन मुलींबरोबर लडिंग्टनला

"मी या वर्षी ट्रिक-ऑर-ट्रीटिंगला जाणार नाही," असं इरानं ऑक्टोबर उजाडताच जाहीर केलं. इंग्रजीत, अर्थातच. ती दहा वर्षांची आहे. का विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "आई नाहीये ना. मग नको." धाकटी मिहिका पाच वर्षांची. ताईला नको ते तिलाही नको.

मिशिगनमधल्या ट्रॉयला आमचं घर आहे आणि आमच्या घरात हॅलोविन हा मुग्धाचा सण. मुग्धा माझी बायको. मुलींचे पोशाख ती घरी शिवायची, शेजारपाजारच्या मुलांचे चेहरे रंगवून द्यायची आणि संध्याकाळी सगळी वरात घेऊन घरोघर चॉकलेटं मागत फिरायची. माझं काम दारात बसून चॉकलेटं वाटायची, एवढंच. या वर्षी मुग्धा जूनपासून नागपुरात आहे. तिचे बाबा अत्यवस्थ होते म्हणून ती घाईघाईनं गेली. ते गेले. परत यायला पासपोर्टवर नवा व्हिसा लागतो. त्यासाठीची मुलाखत झाली, 'आणखी तपासणी बाकी आहे' असं सांगून पासपोर्ट ठेवून घेतला, आणि तेव्हापासून ती रोज वेबसाइट उघडते आणि तेच एक वाक्य वाचते. मी जाऊन भेटावं तर माझाही व्हिसा त्याच जातीचा. एकदा देशाबाहेर पडलो की मीही तिकडेच. मुली मात्र इथे जन्मलेल्या, त्यांना कुठेच अटकाव नाही. म्हणून मुग्धा गणपतीपासून म्हणत होती, "मुलींना माझ्याकडे पाठव." मी म्हणत होतो, "थांब थोडं. येशीलच तू."

हॅलोविनच्या संध्याकाळी घरी बसून दर पाच मिनिटांनी बेल वाजली की दार उघडायचं आणि प्रत्येक आईच्या "मुग्धा कधी येतेय?"ला उत्तर द्यायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं. दारोदार न जाता मुलांबरोबर हॅलोविन कसा साजरा करता येतो ते इंटरनेटवर शोधलं. भोपळे कोरा, मक्याच्या शेतातल्या भुलभुलैयात जा, खजिना लपवा, भुतांच्या गोष्टी सांगा. ठरवलं, हे सगळं घरापासून लांब जाऊन करायचं. लेक मिशिगनच्या काठावर लडिंग्टनला एक लाकडी केबिन मिळाली. सीझन संपत आल्यामुळे उन्हाळ्याच्या निम्म्या भाड्यात.

हॅलोविन शुक्रवारी आला होता. मुलींची शाळा बुडवली आणि सकाळीच निघालो. ट्रॉयहून ६९६ हायवेनं पश्चिमेला, मग आय-९६ धरून लॅन्सिंग, ग्रँड रॅपिड्स, मस्किगन आणि तिथून यूएस-३१नं उत्तरेकडे. न थांबता चारेक तास लागतात. लहान मुलं असतील तर सहा धरा. ऑक्टोबरअखेरीस मेपलची पानं गळून गेलेली असतात. ओक तेवढे तांबूस तपकिरी रंगात उभे असतात. रंग बघायचे असतील तर दोन आठवडे आधी जा. आम्हाला मिळाला तो करडा रस्ता आणि वायपर लावावेत की नको अशी भुरभुर.

लॅन्सिंगच्या पुढे एक्झिट घेऊन भोपळ्यांच्या एका शेतावर थांबलो. पहिली सूचना : गमबूट न्या. मी नेले नव्हते. दुसरी : शक्यतो शुक्रवारी जा. शनिवार-रविवारी इथे पार्किंगला जागा नसते, आम्हाला सगळं शेत मोकळं मिळालं. गरम गरम सायडर डोनट्स, सफरचंदाचा दाट सायडर, गवताच्या भाऱ्यांवर बसून ट्रॅक्टरची चक्कर. माझ्या दोन मुली सोडून सगळ्यांना आवडेल असं सगळं होतं.

तिकिटं देणाऱ्या बाईंनी हौसेनं विचारलं, "मॉम गाडी पार्क करतेय का?"

मी काही बोलायच्या आत मिहिका म्हणाली, "नो. शी लिव्हज इन इंडिया."

बाई "ओह, हनी," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायचं टाळून त्यांनी दोघींना एकेक छोटा भोपळा फुकट दिला. इरा मात्र तिथेच थांबली. "शी डझन्ट लिव्ह देअर, मिहू. शी इज स्टक देअर." मिहिकाला दोन्हींत फरक कळला नाही. उन्हाळ्यात तिला कुणी विचारलं तर ती सांगायची, 'आई आजीकडे गेलीय.' गेलीय म्हणजे येणार. ते वाक्य कधी बदललं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

भुलभुलैयात आम्ही तासभर फिरलो. मका माझ्या डोक्याच्या वर, वाळून कागदासारखा वाजणारा. दरवर्षी अशा ठिकाणी मुग्धा मुद्दाम चुकीच्या वळणावर जायची आणि मुली किंचाळत तिच्या मागे धावायच्या. मीही तसं करून पाहिलं. इरा म्हणाली, "बाबा, तिकडे डेड एंड आहे. बोर्ड आहे ना." आणि आम्ही शहाण्यासारखे बाहेर आलो.

केबिनवर पोचलो तर मालकीण वाट पाहत होती. सत्तरीची, पांढऱ्या आखूड केसांची बाई, शेजारच्याच घरात राहणारी. आमच्यासाठी तिनं शेगडीत लाकडं रचून ठेवली होती. संध्याकाळी भोपळे कोरायला घेतले. पाच वर्षांच्या मुलाला कोरणं जमत नाही, त्याला रंग द्या. मोठ्या मुलाला दुकानात मिळणारी बोथट करवत पुरते. आतल्या बिया धुऊन, पुसून, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजल्या. छान लागतात. इरानं आपल्या भोपळ्याला दात कोरले, मिहिकानं आपला भोपळा निळा रंगवला. मग दिवे घालवून मी भुताची गोष्ट सुरू केली. विहिरीतलं भूत, पायांचे पंजे उलटे, वगैरे. दोघी समंजसपणे ऐकत होत्या, आणि भुताची गोष्ट ऐकताना मुलं समंजस असणं यासारखं वाईट काही नाही.

"इट्स ओके, बाबा," इरा शेवटी म्हणाली. "आईचं भूत वऱ्हाडीत बोलतं. म्हणून ते फनी पण असतं आणि स्केअरी पण."

मी दिवा लावला. त्या रस्त्यावर दुसरं घर म्हणजे मालकिणीचं. कुणाची बेल वाजली नाही, कुणी मुलं ओरडत गेली नाहीत. यासाठीच तर आलो होतो. तरी सहा ते आठ ही दारोदार फिरायची वेळ सरता सरत नव्हती. मिहिका दोनदा उठून खिडकीशी जाऊन आली. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, "नथिंग."

शनिवारी आकाश उघडलं. स्टेट पार्क केबिनपासून दहा मिनिटांवर. मिशिगनची नंबरप्लेट असेल तर वर्षाचा पास आधीच काढून ठेवा, दारात थांबावं लागत नाही. पार्कातून वाळूच्या टेकड्यांमधून एक वाट जुन्या काळ्या-पांढऱ्या दीपगृहाकडे जाते. जाऊन-येऊन चारेक मैल होतात. आम्ही अर्ध्या वाटेवरून परतायचं ठरवलं होतं. मुलींना पोशाख घालूनच नेलं. इराचा गेल्या वर्षीचा, मुग्धानं शिवलेला घुबडाचा. बाह्या आता मनगटाच्या वर चढल्या होत्या. मिहिकाचा मी दुकानातून आणलेला चेटकिणीचा. वाळूवर चिटपाखरू नव्हतं. लाटा समुद्रासारख्या, वास मात्र खारा नाही. एक घुबड आणि एक चेटकीण त्या रिकाम्या किनाऱ्यावर धावत सुटली आणि सहलीत पहिल्यांदा मला वाटलं, जमलं बुवा.

मी पुढे जाऊन चॉकलेटं लपवली होती. वाळूतल्या गवताच्या बुडाशी, ओंडक्यांच्या फटीत. वाळूवर बाण काढले. ट्रिक-ऑर-ट्रीटिंगला हा उत्तम पर्याय आहे, अगदी मनापासून सांगतो. दोघी हरखून शोधत होत्या. मिहिका टेकडीच्या उतारावरून धावत खाली आली, लांब झग्यात पाय अडकला आणि ती हनुवटीवर आपटली, थेट वाहून आलेल्या ओंडक्यावर.

क्षणभर आवाजच नाही. मग तिनं हंबरडा फोडला, "बाबाऽऽ!"

मी धावलो. हनुवटी फाटली होती, रक्त झग्यावर ओघळत होतं. उचलून घेतलं, रुमाल दाबून धरला आणि गाडीकडे निघालो. ती माझ्या गळ्याला मिठी मारून "बाबा, बाबा" करत राहिली. मी "आहे मी, आहे मी" म्हणत चाललो होतो. निम्मी वाट चालून गेल्यावर माझ्या डोक्यात ते शिरलं. ही पोर जन्मल्यापासून माझ्या कडेवर असतानाही ठेच लागली तर "आई गं" म्हणून रडायची. कुणी शिकवावं लागत नाही ते. मला त्याचा कधी रागही आला होता, गमतीतला. आता ती मला हाक मारत होती.

मालकिणीनं अंगणातूनच आम्हाला पाहिलं. ती पूर्वी नर्स होती. तिनं जखम धुतली, चिकटपट्टीनं कडा जुळवल्या, म्हणाली, "टाक्यांची गरज नाही. पण व्रण राहील." मिहिका माझ्या मांडीवर बसून मुकाट बघत होती. मालकीण तिला म्हणाली, "घरी गेल्यावर आईला दाखव, किती शूर होतीस ते." मिहिकानं मान डोलावली. घरी आई आहे की नाही, हे सांगायचीही तिला गरज वाटली नाही.

रविवारी सकाळी आमचा नेहमीचा व्हिडिओ कॉल होता. आदल्या रात्री इथली घड्याळं एक तास मागे गेली होती, मी ते तिला सांगायला विसरलो. मुग्धा बिचारी तासभर फोन हातात घेऊन बसली होती. मिहिकाची हनुवटी बघून तिचा चेहरा पडला. इरानं सगळी हकिगत सांगितली. ओंडका, रक्त, नर्सबाई. आणि मग, अगदी निरागसपणे, "आई, तुला माहितीय? मिहू आता आई गं म्हणून रडतच नाही. ती बाबाच म्हणते."

मुग्धा हनुवटी बघायला स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"टाके पडले का?" मुग्धानं विचारलं.

"नाही. चिकटपट्टीवर भागलं."

"पाण्यात भिजू देऊ नकोस. हळद लाव म्हटलं तर तिथे कुठे..." तेवढ्यावर तिचा कॅमेरा बंद झाला. आवाज चालू होता. खुर्ची सरकल्याचा आणि तिच्या आईचा, "काय गं, काय झालं?"

मिहिका म्हणाली, "स्क्रीन ब्लॅक झाली," आणि निळा भोपळा आणायला निघून गेली.

परतीचा रस्ता तोच. ग्रँड रॅपिड्सला एका ठिकाणी सूप आणि सँडविच खाल्लं, जागा बरी आहे, मुलांना आवडेल. मिहिका मागे झोपली. बऱ्याच वेळानं इरा म्हणाली, "बाबा, तू आम्हाला इंडियाला पाठवतोयस का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आई आणि तू बोलता ते ऐकू येतं मला. माय रूम इज राइट देअर."

"तुला जायचंय?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला दोघं पाहिजेत." जरा वेळानं, "पण मिहूला आई पाहिजे. शी इज फर्गेटिंग." दहा वर्षांच्या मुलीनं हिशेब इतका नीट मांडला होता.

घरी पोचलो, मुलींना जेवू घातलं आणि मुग्धाला फोन लावला. नागपुरात पहाट होती. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"पाठवतो," मी म्हणालो.

ती रडली नाही. म्हणाली, "आणि तू?"

"मी इथे आहे. तुझा व्हिसा आला की तिघी या."

"आणि नाही आला तर?"

मी मुलींचे पासपोर्ट ठेवलेला ड्रॉवर उघडला. मुलींना स्वेटर फार देऊ नकोस, इथे एखादाच पुरतो, एवढंच ती म्हणाली.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत माझ्या मित्राच्या आई, देशमुख काकू, नागपूरला परत चालल्या होत्या. त्यांच्याबरोबर मुली गेल्या. विमानतळावर मिहिकानं मला विचारलं, "तू पण येतोयस ना?" मी म्हणालो, "नंतर." तिनं विश्वास ठेवला.

त्यानंतर फेब्रुवारी उलटला. वेबसाइटवर वाक्य तेच आहे. इरा तिथल्या शाळेत जाते आणि मराठीच्या बाई शुद्धलेखनावरून ओरडतात म्हणून वैतागते. मिहिका कॉलवर आधी हात हलवते, मग आईच्या मांडीवर चढून मोबाइलमधल्या माझ्याकडे बघत बसते. आता तिला माझ्याशी काय बोलावं ते सुचत नाही. मला ते कळतं. काय होतं आणि कसं होत जातं, ते मी एकदा जवळून पाहिलं आहे.

लडिंग्टनला मुलांना घेऊन हॅलोविनला जावं का, असं एका वाचकानं विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं म्हणून हे सगळं लिहायला बसलो. जा. गमबूट न्या, शुक्रवार गाठा, खजिना सपाट वाळूवरच लपवा, उतारावर नको. आणि सध्या तुम्ही दोघंही एकाच देशात असाल, तर पुढच्या वर्षीवर ढकलू नका.