पिवळी नळी

अमरावतीच्या आमच्या शोधपथकात भाऊ सगळ्यात जुने. धरणात नाहीतर विहिरीत कोणी बुडालं की आम्ही दोघं जोडीनं खाली उतरतो. नवं सामान आलं की ते पारखायला भाऊ घरासमोरच्या ओट्यावर बसतात, हवेचा सिलिंडर शेजारी ठेवतात आणि श्वासाची नळी तोंडात धरून पेपर वाचतात. शेजारीण काही विचारायला आली तर नुसती मान हलवतात. पेपर संपेपर्यंत बोलणं नाही.

यंदा अडीअडचणीसाठी जादाचं साधन घ्यायचं होतं. मी म्हणत होतो, हवेची वेगळी छोटी बाटली घेऊ. त्यांनी सिलिंडरलाच जोडायची दुसरी, पिवळी नळी निवडली.

"बाटलीत हवा असते कितीक? दोघाले काय पुरन?" एवढंच बोलले. मग आठ दिवस ती पिवळी नळी आणि पेपर.

परवा धरणावर सरावाला उतरलो. तळाशी, गढूळ पाण्यात, माझ्या तोंडात हवेऐवजी पाणी यायला लागलं. मी त्यांच्या छातीवरच्या पिवळ्या नळीकडे हात नेला. त्यांनी तो बाजूला सारला, स्वतःच्या तोंडातली नळी काढून मला दिली आणि मग पिवळी स्वतः घेतली. माझा दंड धरून सावकाश वर आणलं.

काठावर मी विचारलं, "भाऊ, जादाची होती ना? मंग तोंडातली कावून देल्ली?"

"ते नवी हाय."

"आठ दिवस पेपर वाचला तुमी तिच्यावर."

"ओट्यावर वाचला," ते चष्मा पुसत म्हणाले. "पाण्यात पयले मीच पाहीन ना."