जावळ आणि सलाईन

सिस्टरनं माझ्या पोरीच्या डोक्याला पातं टेकवलं आणि सासूबाईंनी सिस्टरचा हात धरला. पोर तान्ही, हगवणीनं सुकलेली. रडायला आवाज उरला नव्हता. हातापायाची शीर सापडेना, म्हणून केस काढून डोक्यात सुई घालायची होती.

"जावळ हाय ते. मामाच्या मांडीवर काढायचं."

"मामा कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सिन्नरला."

डॉक्टर खाटेवर बसले. "मी मामा. द्या मांडीवर."

"मामा झालात तर झबलं-टोपरं आणावं लागंल," म्हणत सासूबाईंनी हात सोडला.

इतक्या वर्षांनी, परवा नाशिकला माझ्याच हाताला सलाईन लावलं, तेव्हा स्पिरिटच्या वासानं हे आठवलं. तेव्हा पोरीच्या सलाईनचे थेंब बघत मी डॉक्टरांना विचारलं होतं, "बिघाड पोटात, मग पाणी डोक्यात कशाला?"

"सगळ्या शिरा जोडलेल्या असतात, ताई. कुठूनही सोडा, सगळीकडं पोचतं."

मला मळ्यातला पाट आठवला. पण पाटाचं पाणी चढावर जात नाही. माझ्या हातातलं डोक्यापर्यंत कसं चढलं, हे परवाच्या पोरसवदा डॉक्टरलाही विचारलं. तो हसून थेंब मोजायला लागला.

पोरीला सलाईन लावलं त्या दिवशी अंधार पडायच्या आत तिनं शू करून दुपटं ओलं केलं आणि जोरात रडली. ती वाचली. शेजारच्या खाटेवर तसंच सलाईन लावलेलं बाळ मात्र गेलं.